“नवीन काय आलंय, काकू?”

बडोद्याला रेकॉर्डचं छोटंसं दुकान काढलेल्या एका मुलीने मला सल्ला विचारलाय. तिच्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एक फाइन आर्ट्सची पोरं, आणि दुसरे दांडिया बाजाराकडचे मराठी काका-आजोबा, ज्यांच्या घरातला जुना प्लेअर कुणीतरी दुरुस्त करून दिलाय. दोघंही काउंटरवर हात टेकून एकच विचारतात, “नवीन काय आलंय?” दर आठवड्याला इतकं निघतं की सगळं ऐकून होत नाही, आणि परीक्षणं वाचून सांगायला गेली तर दोनदा तोंडघशी पडली. मग सांगायचं काय, आणि कशाच्या भरवशावर?

तुला ‘तू’च म्हणते, माझ्या धाकटीच्या वयाची असशील. माझं दुकान इंदुरात, राजवाड्यापासून पायी दहा मिनिटं. मूळ सासऱ्यांचं, रेडिओ दुरुस्तीचं. पुढच्या फळीवर रेकॉर्डी असायच्या. मग कॅसेटी आल्या, सीडी आल्या, मोबाइलचे रिचार्ज आले, आणि बारा वर्षांपूर्वी मी माळ्यावरची खोकी खाली उतरवली. तेव्हापासून गिऱ्हाइकांचा हा प्रश्न मीही रोज ऐकते आहे. पहिली दोनेक वर्षं विचारणाऱ्याला मी लगेच एक नाव सांगून मोकळी व्हायचे. आता सांगत नाही, आधी दोन गोष्टी विचारते : शेवटची कुठली रेकॉर्ड तुम्ही दोनदा लावलीत? आणि घरी प्लेअर कुठला आहे?

आवडती रेकॉर्ड कुठली असं विचारू नकोस. आवडतं म्हणून लोक मोठी नावं सांगतात, समोर बाई बसलेली असते, शेजारी दुसरं गिऱ्हाईक उभं असतं. दोनदा काय लावलं हे विचारलं की माणूस थोडा थांबतो आणि खरं सांगतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, मुखाने कायम भीमसेन अण्णा, दोनदा काय लावलं विचारल्यावर हळूच म्हणाले, “ते शंकर-जयकिशनचं पियानोवालं.” तिथून पुढे त्यांना काय द्यायचं ते मला सोपं गेलं.

प्लेअरचा प्रश्न मात्र पोरं हसण्यावारी नेतात, म्हणून त्यावर जरा लिहिते. हल्ली पेटीसारखे, झाकण उघडून लावायचे स्वस्त प्लेअर घरोघरी आहेत. त्यांच्यात बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं आणि सुईचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत. चांगल्या टर्नटेबलवर मॅग्नेटिक कार्ट्रिज साधारण दीड ते अडीच ग्रॅमवर चालतं. आता नवीन अल्बम, त्यातही आजकालचा, खालचे सूर दणदणीत ठेवून कापलेला असला की पेटीवाल्या प्लेअरची सुई उड्या मारते. गिऱ्हाईक म्हणतं रेकॉर्ड खराब. रेकॉर्ड खराब नसते, पण तीन हजार रुपये त्याचे गेलेले असतात आणि नाव तुझं. माझ्या दुकानात एका मुलाने अशी रेकॉर्ड तीनदा बदलून नेली. चौथ्यांदा मी त्याला प्लेअरच घेऊन यायला सांगितलं तेव्हा उलगडा झाला. त्यातल्या दोन परत आलेल्या प्रती माझ्या टर्नटेबलवर लोण्यासारख्या वाजत होत्या.

दुसरी गोष्ट कुठल्याच परीक्षणात नसते. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते, पहिल्या खोबणीपासून शेवटच्या खोबणीपर्यंत तेवढेच. पण बाहेरच्या कडेचा घेर मोठा, आतला लहान. बारा इंची तबकडीवर सुईखालून बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे तेवढ्याच आवाजाला आत निम्म्याहून कमी जागा. म्हणून बाजू संपत आली की बारीक, तीव्र आवाज फाटल्यासारखे येतात. आता आपलं गाणं बघ. विलंबितात सुरुवात, हळूहळू बढत, आणि शेवटी द्रुत, ताना, तबला टिपेला. म्हणजे गाणं जिथे सगळ्यात दाट होतं, तिथेच तबकडीला जागा कमी! पाश्चात्त्य गाण्यांचे अल्बम करणाऱ्यांना हे ठाऊक असतं, ते पुष्कळदा बाजूचं शेवटचं गाणं संथ ठेवतात. ख्याल गाणाऱ्याने काय ठेवावं?

त्यामुळे माझा नियम असा की कुठलीही नवी रेकॉर्ड आली की प्रत्येक बाजूची शेवटची पाच मिनिटं आधी ऐकायची. आणि मागच्या कव्हरवर वेळ बघायची. एका बाजूला अठरा-वीस मिनिटं असली तर निर्धास्त. पंचवीसच्या वर गेली की खोबणी अरुंद कराव्या लागतात, आवाज दबतो, खरखर वर येते. अख्ख्या सीडीचा ऐवज एकाच तबकडीत कोंबलेली शास्त्रीय संगीताची रेकॉर्ड आली तर मी ती मागवते, पण कुणाला आपणहून सांगत नाही.

हे झालं यंत्राचं. आता कानाचं.

तुला माझी फजिती सांगते. आमच्या इंदूरला अमीर खाँसाहेबांचं वेड जरा जास्तच आहे, घराण्यालाच गावाचं नाव आहे. त्यांची १९६० ची एलपी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, ही इथल्या कित्येक घरांत देवघरातल्या समईसारखी आहे. असंच एक गिऱ्हाईक, त्यांना आम्ही नाना म्हणतो, वय पंचाहत्तर, रामबागेत राहतात. दोनदा काय लावलं विचारलं की उत्तर ठरलेलं, मारवा. २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीतवाले फ्लोटिंग पॉइंट्स, सॅक्सोफोनवाले फॅरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांचा ‘प्रॉमिसेस’ आला. पाऊणएक तासाची एकच रचना, नऊ भागांत. ऐंशी वर्षांच्या सँडर्सचा सॅक्सोफोन कुठेही घाई करत नाही, एका ठिकाणी तर वाद्य बाजूला ठेवून नुसता गुणगुणतो. मी ऐकलं आणि मला वाटलं, ही रेकॉर्ड नानांचीच. काही न बोलता पिशवीत घालून दिली, म्हटलं ऐकून पैसे द्या.

चार दिवसांनी नाना आले. रेकॉर्ड टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “वहिनी, तंबोरे फार सुंदर लावलेत हो. पण गाणारा कधी बसणार?”

मी खूप हसले, आणि मग रात्री दोन्ही रेकॉर्डी एकापाठोपाठ लावून बसले. नानांचं बरोबर होतं. ‘प्रॉमिसेस’मध्ये सात सुरांचा एक छोटा आकृतिबंध सुरुवातीला येतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत परतपरत येत राहतो, त्याच्या अवतीभोवती सगळं घडतं. खाँसाहेबांच्या मारव्यात तसं कुठेच नाही. तिथे एक एक सूर घेऊन, त्याच्याशी पुरेसं बोलून झाल्यावरच पुढच्याकडे जायचं असतं. रिषभावर इतका वेळ थांबतात की षड्ज कधी येतो याची ओढ लागते. मी पाहिला नुसता संथपणा. नानांना हवी होती बढत. दोन्हीला आपण ‘शांत’ हा एकच शब्द वापरतो, म्हणून मी फसले. तेव्हापासून दोनदा काय लावलं विचारल्यावर मी आणखी एक विचारते, “त्यात कुठली जागा आली की तुम्ही हातातलं काम थांबवता?” कुणी ठेका सांगतो, कुणी शब्द, कुणी “ते व्हायोलिन येतं ना.” तो धागा धरून शोधायचं. तीच ‘प्रॉमिसेस’ची प्रत पुढे इंजिनिअरिंगच्या एका पोराने नेली. झोपताना लावतो म्हणाला. असू दे, तोही उपयोगच.

जे जुळलं त्यातलंही थोडं सांगते, यादी म्हणून नको घेऊस.

शक्ती या फ्यूजन बँडचा ‘धिस मोमेंट’ २०२३ मध्ये आला, त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या स्टुडिओ अल्बमांनंतर चाळीसहून जास्त वर्षांनी. फ्यूजन हा शब्द काढला की आमचे काकामंडळी तोंड वाकडं करतात. मग मी त्यातल्या गिटारवाल्या मॅकलॉफलिनचं नाव घेतच नाही. म्हणते, यात शंकर महादेवन आहेत, ‘कट्यार’ सिनेमातले पंडितजी. लगेच कव्हर हातात घेतात! झाकिरभाईंचा तबला आहे म्हटलं की कव्हर हातातून खाली ठेवत नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी मिळालं तेव्हा एक प्रतही हलली नव्हती. त्याच डिसेंबरात झाकिरभाई गेले आणि आठवडाभरात होत्या त्या सगळ्या संपल्या. तेव्हा मी कुणाला काही सुचवलं नाही, नुसती रेकॉर्ड लावून ठेवत होते. कधी कधी दुकानदाराने गप्प बसावं.

अनुष्का शंकरचे २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत ‘चॅप्टर’ मालिकेतले तीन छोटेखानी अल्बम आले. सतार म्हटली की आपल्या लोकांना आलाप, जोड, झाला हवा असतो. तो यात मिळणार नाही हे आधीच सांग, मग राग येत नाही. न सांगता दिलंस तर वडिलांच्या नावाने तिला बोल लावतील, आणि तुलाही.

गझलवाल्यांना मी गायिका आरूज आफताबचा ‘व्हल्चर प्रिन्स’ देते. २०२१ चा. मेहदी हसनसाहेबांनी गायलेली ‘मोहब्बत करने वाले’ त्यात आहे, पण ओळखायला दोन मिनिटं लागतात. धाकटा भाऊ गेला, त्यानंतरचा अल्बम आहे, आणि ते आवाजात कळतं. त्या कव्हरवर मी लावलेली चिठ्ठी अशी : “गझल ऐकणाऱ्यांसाठी. तबला शोधू नये, हार्प आहे. शब्द बहुतेक उर्दू, फार सावकाश. घरी पाहुणे असताना लावू नये.” शेवटची ओळ वाचूनच किती जणांनी नेली.

चिठ्ठ्या लिहिच. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची, स्वतःच्या हाताने, चार ओळींहून जास्त नाही. आणि प्रत्येक चिठ्ठीत एक तक्रार असलीच पाहिजे. दुसरी बाजू पडेल आहे, छपाई अंधुक आहे, गायिका इंग्रजी शब्द चावून बोलते, काहीही. नुसतं कौतुक लिहिलंस की चौथ्या चिठ्ठीला लोक वाचायचं सोडतात. आणि ज्याच्या दोन्ही बाजू पुऱ्या ऐकल्या नाहीस त्यावर चिठ्ठी लावू नकोस. महिन्याला पाच रेकॉर्डी नीट ऐकून होतात, फार तर सहा. तेवढ्या पुरतात गं. बाकीच्या नुसत्या मांडून ठेवायच्या, कुणी विचारलं तर स्वच्छ सांगायचं, ही मी अजून ऐकली नाही. माझी गिऱ्हाइकं याच वाक्यावर टिकली आहेत असं मला वाटतं.

ऐकायची माझी रीत : पहिल्यांदा सकाळी दुकान झाडताना, कान अर्धा ठेवून. हात थांबला तर चिन्ह चांगलं. दुसऱ्यांदा घरी, रात्री, खुर्चीत बसून. मग आठवडाभर हात लावत नाही, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यापासून सुरू करते. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं सगळ्यांनी घासूनपुसून ठेवलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही.

दुकानात काय वाजतंय यावर जेवढं विकतं तेवढं बोलून विकत नाही. वाजत असलेल्या रेकॉर्डचं कव्हर काउंटरवर उभं करून ठेव, “हे काय लागलंय?” हे विचारायचं धाडस सगळ्यांना नसतं. पण वेळकाळ सांभाळ. मी एकदा सकाळी अकराला मारवा लावला होता. जेल रोडवरून सायकलने जाणारे एक आजोबा खाली उतरले, आत आले आणि संधिप्रकाशातला राग या वेळी लावल्याबद्दल मला बोलून गेले. काही घेतलं नाही. बडोद्यालाही तिथल्या दरबारातल्या फैयाज खाँसाहेबांना ऐकलेल्या माणसांच्या घरातले लोक असतील, तू जपून राहा!

पोरांचा रस्ता उलटा असतो. त्यांना मी आधी चरणजित सिंग देते. हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक, त्यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवले, डिस्कोच्या ठेक्यावर. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये परदेशातून तो परत निघाला आणि क्लबात नाचणारी दुनिया चकित झाली, की आमचं ॲसिड हाउस, म्हणजे क्लबात नाचायचं हे यंत्रांवरचं संगीत, याने मुंबईत आधीच कसं केलं. तुझी फाइन आर्ट्सची पोरं हे आनंदाने नेतील. गंमत पुढे आहे. त्यात ललत आहे, मेघमल्हार आहे, मालकंस आहे. पंधरा दिवसांनी त्यातलं एखादं येतं आणि विचारतं, “काकू, हा मेघ खरा कसा असतो?” तेव्हा अमीर खाँसाहेबांचा मेघ काढायचा. त्याआधी नाही.

हा अल्बम नवा की जुना? जगाला चाळीस वर्षांचा, त्या पोराला आजचा. नव्याने छापलेल्या जुन्या रेकॉर्डी तुझ्या फळीवर निम्म्याहून जास्त असणार, सारेगामाने जुन्या चित्रपटसंगीताच्या कितीतरी एलपी पुन्हा काढल्या आहेत. त्या सुचवताना कव्हरच्या मागे मास्टरिंग (छपाईआधी आवाजाची शेवटची जुळवणी) कुणी केलं, कशावरून केलं हे लिहिलंय का बघ. काहीच लिहिलं नसेल तर आधी ऐक. कधी कधी सीडीवरचाच आवाज तबकडीवर चढवलेला असतो, आणि ज्याच्या घरी मूळ प्रत आहे तो पाच मिनिटांत ओळखतो. कान तयार करायचा तर इंदूरला आलीस की महूच्या रस्त्याला पिगडंबरला जा, तिथे लतादीदींच्या नावाने ग्रामोफोन रेकॉर्डांचं संग्रहालय आहे. लाखेच्या तबकडीवरचा तीन-साडेतीन मिनिटांचा आवाज एकदा कानात बसला की नव्या छपाईत काय पुसून टाकलंय ते समजतं. नुसती खरखर पुसत नाहीत गं, खरखरीबरोबर श्वासही जातो.

देवासची माणसं वेगळी. इथून तासाभराच्या अंतरावर, महिन्यातून एकदा येतात, आणि कुमारजींचं, म्हणजे देवासातच राहिलेल्या कुमार गंधर्वांचं, काही सुचवायला गेलं की ऐकून घेतात, हसतात, आणि दुसरंच काही नेतात. त्यांना कुमारजी मी काय सांगणार!

पैशांचं थोडक्यात. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात, पण ते मोबाइलवर. तबकडी कधी त्याच दिवशी, कधी सहा महिन्यांनी. गिऱ्हाईक गाणं ऐकून शुक्रवारीच येतं. तेव्हा वही ठेव, नाव लिही, पाचशे रुपये आगाऊ घे. वहीत तीन नावं झाल्याशिवाय अनोळखी कलाकाराच्या दोनपेक्षा जास्त प्रती मागवू नकोस. मी एकदा गाजावाजा झालेल्या एका सिनेमाच्या बारा मागवल्या होत्या. पुरवठादाराने त्यातल्या सहा न विचारता रंगीत छपाईच्या, दीडपट किमतीच्या पाठवल्या आणि परत घ्यायला नकार दिला. चार अजून कपाटात आहेत, एक मुलीच्या घरी भिंतीवर.

सुचवलेली रेकॉर्ड नाही आवडली तर सात दिवसांत परत, हा माझा नियम. ओरखडा नसेल तर पूर्ण किमतीची दुसरी देते, परत आलेली जुन्यांच्या फळीत जाते. वर्षाला दहा-बारा परत येतात. प्रत्येक परतीची नोंद त्याच वहीत, का आवडली नाही यासकट. नानांचं वाक्य तिथेच लिहिलेलं आहे.

आणि एखादा महिना असा येतो की काहीच चांगलं येत नाही. तेव्हा “या महिन्यात काही नाही, पुढच्या महिन्यात या” असं म्हणता येतं. पहिल्यांदा म्हणताना पोटात गोळा येतो, भाडं आठवतं.

तुझा पत्ता कळव, रात्रीच्या बसने दोन रेकॉर्डी पाठवते. दोन्हीकडून पुठ्ठा लावीन, पण मे महिना आहे, तेव्हा सकाळी बस आली की लगेच सोडवून घे, कुणाच्या बंद गाडीत दुपारपर्यंत राहू देऊ नकोस, पापड होईल. एक माझ्या चिठ्ठीसकट आहे. दुसरीवर चिठ्ठी नाही, तिचं मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी काहीतरी बिनसतंय, ते गाणाऱ्याचं की तबकडीचं, तुझ्या टर्नटेबलवर लावून सांग.